रेनेसाँसचा ग्रुप काढायचाय? आधी सुरात सूर मिसळणं बंद करा

ग्वाल्हेरात बसून तुम्ही ते पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं म्युझिक वाजवता म्हणजे नक्की करता काय, आणि आम्हालाही करायचं असेल तर सुरुवात कुठून, असं तीन-चार जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचा ग्रुप म्हणजे लश्कर भागातली आठ माणसं, पाच जण भजनी मंडळातले, एक बँकेतून रिटायर झालेले काका आणि दोन कॉलेजची पोरं. वेस्टर्न कोणीच शिकलेलं नाही, अडत नाही.

पहिलं वाद्य. रेकॉर्डर घ्या, टेपरेकॉर्डर नव्हे हो, उभा धरून फुंकायचा, आपल्या अलगुजासारखी शिट्टी असते त्याला. प्लास्टिकचाच घ्या, मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, लाकडी तडकला की बसा रडत. घेताना फिंगरिंग, म्हणजे भोकांवर बोटं ठेवायची पद्धत, 'जर्मन' आहे की 'बरोक' ते विचारा आणि बरोकच मागा. मी पहिल्यांदा चार जर्मनवाले उचलून आणले कारण दुकानदार म्हणाला सोपा पडतो, आणि शुद्ध मध्यम खरंच सोपा वाजतो पण तीव्र मध्यम आला की सगळी बोंब, शेवटी चारही बिल्डिंगमधल्या पोरांना वाटून टाकले. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही रेकॉर्डरची लहानापासून मोठ्यापर्यंत मापं. सोप्रानोचा सगळ्यात खालचा सूर पांढरी एक, आल्टोचा पांढरी चार, टेनरचा परत पांढरी एक पण सप्तक खालचं. बास महाग असतो, तिथे पेटी घ्या आणि लाजू नका, तिकडेही मांडीवर ठेवायचा छोटा ऑर्गन असायचा, एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या, म्हणजे आपली पेटीच की. फक्त पेटी आधी ट्यूनर ॲपवर तपासा, जुन्या पेट्या चारशे चाळीसच्या (पांढरी सहाला ४४० हर्ट्झ, हे आजचं माप) असतीलच असं नाही आणि प्लास्टिकचा रेकॉर्डर त्याच हिशोबाने बनवलेला असतो. जानेवारीच्या धुक्यात रेकॉर्डर थंड असला की उतरलेला बोलतो, शिवाय वाफेचं पाणी साठून मध्येच गप्प होतो, म्हणून वरचा भाग दहा मिनिटं बगलेत धरून बसा. दिसतं विचित्र, पण उपाय हाच.

नोटेशन आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या वेबसाइटांवर फुकट मिळतं. सुझाटो नावाच्या प्रकाशकाचं १५५१ साली अँटवर्पला छापलेलं डान्सचं पुस्तक घ्या, चार भागांत आहे, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या ओळी वाजतात, आणि त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की कुठल्याही वाद्यावर वाजवा, म्हणजे परवानगी आहेच. स्टाफ, म्हणजे पाच रेघांवरचं वेस्टर्न नोटेशन, वाचता येत नसेल तर भातखंडे पद्धतीत उतरवून घ्या, ते काम कॉलेजच्या पोरांना द्या. त्यांचे मोड, म्हणजे आपल्या थाटासारखे सुरांचे साचे, बघून घाबरू नका, डोरियन म्हणजे काफीचे सूर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, फ्रिजियन म्हणजे भैरवी. डोरियनमध्ये शेवटाला येताना कोमल निषाद शुद्ध करतात, बरेचदा छापलेलं नसतं, समजून घ्यायचं असतं. काफी गाणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता खरी अडचण. आपण जन्मभर एका सुरात गातो, मुख्य गायकाने उचललं की बाकीच्यांनी त्याच्यात मिसळायचं, भजनात चूक सावरायची रीतच ती. आणि इथे शेजारी दुसरंच काहीतरी वाजवतोय आणि तुम्ही तुमचंच वाजवत राहायचं. आमच्या काकूंचा गळा उत्तम पण दोन महिने दर रविवारी चौथ्या मात्रेला त्या बाजूवाल्याच्या सुरावर जाऊन बसायच्या, आणि म्हणायच्या, अहो त्यांना एकटं कसं सोडू! त्यामुळे सुझाटो लगेच काढू नका, आधी कॅनन घ्या, म्हणजे गाणं एकच पण दुसरा गट थोडा मागून तेच सुरू करतो. इंग्लंडचं तेराव्या शतकातलं 'सुमेर इज इकुमेन इन' चार गटांत होतं आणि खाली दोघांनी दोन ओळी घोळवत राहायच्या. आणखी एक खजिना म्हणजे स्पेनमधल्या मोन्सेरात मठाचं 'लिब्रे व्हर्मेल' हे हस्तलिखित, १३९९ च्या सुमाराचं, त्यातली दहाच गाणी उरलीत पण काही कॅनन आहेत. त्यात लिहिलंय की यात्रेकरूंना रात्रीच्या जागरणात गावं-नाचावंसं वाटतं म्हणून ही सभ्य गाणी दिलीत, हे ऐकल्यावर आमच्या वारी केलेल्या काकूंना ते परकं वाटेनाच.

सराव असा: पहिल्यांदा पाठीला पाठ लावून, मग खोलीत फिरत फिरत, आणि जमलं की भाग बदलून. दुसऱ्याचा भाग एकदा स्वतः गाऊन बघितला की तो ओढत नाही. मात्रा हातावर मोजा.

कॅनन बसवताना तंबोरा लावा, पेटी नको, पेटीचा गंधार किंचित चढा असतो आणि तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा गंधार गोड, कानाला तोच बरा. पण सुझाटोला तंबोरा बंद, तिथे आधार बदलत राहतो, नुसता कलकलाट होतो.

ताल सोपा, पव्हान या संथ नाचाला एक लांब दोन छोटे, आर्बोच्या १५८९ च्या नाचावरच्या पुस्तकात ढोलाचं असंच दिलंय, डफावर मस्त लागतं. तबलजी घेतलात तर तिहाई नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. मुरक्या-ताना मात्र पूर्ण बंद करू नका, गानासीने १५३५ मध्ये व्हेनिसला रेकॉर्डरवर लांब सूर छोट्या सुरांत कसे फोडायचे याचंच पुस्तक छापलं. ऑर्तिझचं १५५३ चं काम तर लेहऱ्यासारखं, खाली तेच वळण फिरत राहतं आणि वर एकजण खेळतो, आमच्या भजनवाल्यांना हे सगळ्यात लवकर जमलं. नियम एकच, पहिल्या वेळी साधं, परत वाजवताना वरच्या भागानेच सजवायचं.

पहिला कार्यक्रम गणेशोत्सवात करा, पंधरा मिनिटं पुरे. सुरुवातीला एवढंच सांगा की किल्ल्यावर मानसिंह तोमर धृपद ऐकत होते, १४८६ ते १५१६, त्याच काळात, १५०१ ला, व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाचा प्रकाशक असलं बहुस्वरी संगीत पहिल्यांदा छापखान्याच्या सुट्या खिळ्यांवर छापत होता. लोक लगेच सरसावून बसतात. मांडवापेक्षा दगडी ओसरी मिळाली तर सोडू नका. साउंडवाल्याला मधोमध एकच माइक लावू द्या आणि इको बंद करायला सांगा, तो हो म्हणेल आणि चालूच ठेवेल, म्हणून पोरांपैकी एकाला त्याच्या शेजारी बसवा.