इंदुरात गाडीत झोपताय? या चुका टाळा

इंदुरात गाडीत रात्र काढणारे लोक वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. पुण्या-नाशकाहून उज्जैन-ओंकारेश्वरला निघालेली कुटुंबं, दोन-तीन महिन्यांच्या कामाला येऊन खोलीचं डिपॉझिट वाचवणारी पोरं, मागची सीट काढून मारुतीच्या इको व्हॅनलाच घर केलेले हौशी भटके, आणि भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर तर बारमाही. यातल्या बहुतेकांची झोपमोड एकाच कारणानं होते: ते लपायला जागा शोधतात. अंधारी गल्ली, बंद दुकानाचा आडोसा, गावाबाहेरचं झाड. लपलेल्या गाडीवर इथे कोणाची ना कोणाची नजर जातेच. विचारून उभ्या केलेल्या गाडीला मात्र सहसा कोणी हात लावत नाही.

दिवसा पाहिलेल्या जागेवर भरवसा

दुपारी शांत दिसणारी जागा रात्री शांत असेलच असं नाही. राजवाड्यामागचा सराफा घ्या. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाऊगल्ली मांडली जाते आणि गर्दी मध्यरात्र उलटेपर्यंत हलत नाही. त्या भागात गाडी लावून 'जरा डोळा लागेल' म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. मोठ्या रस्त्यांवर रात्री सफाईची यंत्रं फिरतात, ती गेली म्हणेपर्यंत पहाटे कचरागाडी गाणं वाजवत येते. देशात स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या शहरात राहण्याची ही किंमत.

लग्नसराईत मॅरेज गार्डनबाहेरचा रुंद, मोकळा रस्ताही असाच फसवतो. नऊ वाजले की वरात आली, आणि तुमची गाडी मधोमध अडकली.

म्हणून जागा दोनदा बघावी. एकदा उजेडात: उतार किती, शेजारी नाला आहे का, वर होर्डिंग किंवा वाळकी फांदी आहे का. पावसाळ्यात हे तर बघाच. दुसऱ्यांदा रात्री दहाच्या सुमाराला: दिवा आहे का, कोणी जागं आहे का, दारू पिणारी टोळकी जमतात का. हाताशी दुसरी जागाही ठरवून ठेवा. बारा वाजता पेंगत नवी जागा शोधणं जिवावर बेततं.

'आपलीच माणसं' म्हणून कॉलनीत उभं राहणं

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. पाट्या मराठी, तुळशीवृंदावन दारात, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण फाटकासमोर अनोळखी गाडी, काचा धुरकट, आत कोणीतरी हलतंय, हे बघून घरातल्या आजी 112 ला फोन लावणारच, आणि त्यांचं काही चुकलं नाही. त्याआधी बेल वाजवून 'काका, रात्रभर गाडी इथं उभी केली तर चालेल का? सकाळी सहाला निघतो' एवढं म्हणा. नाही म्हणतील तर दुसरीकडे जा. हो म्हणाले तर तुमचं गाव, आडनाव आणि काय काम करता याची चौकशी होईल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

चुकीच्या माणसाला विचारणं

चोवीस तास चालणारा पेट्रोल पंप किंवा ट्रकवाल्यांचा चालता ढाबा, एकट्या-दुकट्यासाठी मला याहून बरी जागा दिसत नाही. उजेड असतो, माणसं जागी असतात, पंपावर शौचालय आणि पिण्याचं पाणी मिळतं. पण लोक नळी धरलेल्या पोराला विचारतात, तो मान हलवतो, आणि रात्री पाळी बदलली की नवा चौकीदार काठीनं काच ठोकतो. विचारायचं ते मॅनेजरला, आणि पाळी बदलल्यावर चौकीदाराला पुन्हा: 'भिया, मैनेजर साहब से बात हो गई है, सुबह छह बजे गाड़ी हटा लूँगा।' आधी डिझेल भरा, ढाबा असेल तर तिथंच जेवा. फुकटात जागा मागण्यापेक्षा गिऱ्हाईक म्हणून मागितलेली लवकर मिळते.

पंपावर गाडी कुठं लावता हेही महत्त्वाचं. जमिनीतल्या टाक्यांची झाकणं असतात तिथं टँकर रिकामा होतो, आणि तो रात्री-अपरात्री कधीही येऊ शकतो. हवेच्या मशीनपाशीही नको. ट्रकच्या मागे तर नकोच, कारण मागे घेताना ड्रायव्हरला लहान गाडी दिसत नाही. भिंतीकडे पाठ, तोंड बाहेरच्या बाजूला, निघायला वाट मोकळी. आणि पंपाच्या आवारात चहासाठी गॅस पेटवायचा विचारही मनात आणू नका.

हायवेच्या कडेला डुलकी

बायपासवर किंवा एबी (आग्रा-मुंबई) रोडवर पांढऱ्या पट्टीबाहेर गाडी घेऊन, इंडिकेटर लुकलुकत ठेवून झोपणारे रोज दिसतात. पहाटे पेंगुळलेला ट्रकवाला पुढच्या लुकलुकत्या दिव्याच्या रोखानंच येतो, ही गोष्ट हायवेवरच्या कुठल्याही ढाबेवाल्याला विचारा. बंद पडली असेल तरच तिथं थांबा; तेव्हाही माणसांनी गाडीबाहेर, कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि 1033 ला फोन करायचा.

तिंछा, चोरल, जानापाव या इंदूरजवळच्या धबधब्या-डोंगरांकडे रात्र काढण्याची हौस असते काहींना. दिवसा जा. रात्री तिथं माणूस नाही, मोबाइलला रेंज धड नाही, आणि जंगलात बिबट्या आहे.

इंजिन चालू ठेवून एसी

बाकी चुकांनी झोप जाते, हिनं जीव जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. त्यामुळे झोपलेला माणूस गुदमरून जागा होईल ही आशा खोटी. झोप नुसती गाढ होत जाते. बेसमेंटचं पार्किंग, बंद गॅरेज, भिंतीला टेकलेला सायलेन्सर, गळका एक्झॉस्ट, यांपैकी एकही पुरे. 'हवा आतल्या आत फिरवायचं बटण लावलंय, मग धूर कुठून येणार' असं म्हणणारे भेटतात. दारांच्या रबरातून, डिकीच्या फटीतून येतो. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गाडीत कोळशाची शेगडी घेणाराही हाच गॅस छातीत भरून घेत असतो. थंडीला उपाय रजई, कानटोपी आणि सीटखाली जाड सतरंजी.

उठल्यावर डोकं जड, मळमळ, पाय लटपटतायत असं झालं तर 'झोप नीट झाली नाही' म्हणून सोडू नका. दारं सताड उघडा, बाहेर या, 108 बोलवा.

माळव्याच्या रात्री तशा मायाळू. मे महिना सोडला तर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवून भागतं. त्यावर मापाची मच्छरदाणी लावा. ओढणी अडकवली तरी डास अडतात. मेमध्ये खरी अडचण सकाळची: ऊन आलं की बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. गाडीचं तोंड पश्चिमेला ठेवा आणि लहान मूल आत झोपवून पोहे आणायलाही जाऊ नका.

काचांचा धुरकटपणा

दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार काचेवर बसते. सकाळी लोक बाहीनं पुसतात, तेलकट पट्टे उमटतात आणि समोरचं काही दिसत नाही. वरच्या फटीनं वारा खेळता ठेवला तर निम्मं काम होतं. बाकी एक कोरडं सुती फडकं. ओला टॉवेल आत वाळत घालू नका. पडदे, सनशेड रात्री खुशाल लावा, पण चालवायच्या आधी काढा. काचेला काळी फिल्म चिकटवण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच बंदी घातली आहे.

पोलिसाशी हुज्जत

काच वाजली तर आधी आतला दिवा लावा, हात दिसू द्या, काच थोडी खाली घ्या. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरवर चालतात. दारू घेतलेली असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली लावून झोपू नका. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा चालवणाऱ्याला आहे तशीच चालवू पाहणाऱ्यालाही, आणि तुम्ही चालवू पाहत नव्हता हे पटवायला मध्यरात्र ही वाईट वेळ. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी घेऊन इथंच मुक्काम बारा महिन्यांच्या पुढे गेला, तर नंबर मध्य प्रदेशचा करून घ्यावा लागतो.

सकाळी गाडी उठतच नाही

रात्रभर आतला दिवा, फोनचं चार्जिंग, थोडं गाणं. बॅटरीचा व्होल्टेज 12 च्या खाली गेला की सेल्फ नुसता टकटक करतो. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नका, उरलीसुरली ताकदही जाते. हाताचे गिअर असतील तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू होईल, ऑटोमॅटिक ढकलून होणार नाही. जंपर केबल असेल तर लाल टोक तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला; काळं तिच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला. सुरू झाली की लगेच बंद करून चहाला जाऊ नका, अर्धा तास चालवा. फोनसाठी पॉवर बँक ठेवली तर ही वेळच येत नाही.