छर्ऱ्याच्या बंदुकीचा झीरो हलला तर

"काका, स्कोप गेला. नवाच घ्यावा लागणार."

पुतण्या चादरीत गुंडाळलेली छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअर रायफल, घेऊन दारात उभा होता. तिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, होता. शनिवारी झीरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी जुळवलेली बंदूक रविवारी २० मीटरवर चार बोटं डावीकडे मारायला लागली. त्यानं स्कोपवरचे नेम सरकवायचे नॉब क्लिक-क्लिक फिरवून ती मधे आणली, तर दहाबारा फैरींनी ती खाली गेली. पुन्हा क्लिक, पुन्हा फैरी. नॉबांच्या दोन्ही टोप्या त्याच्या खिशात होत्या आणि मूळ झीरो कुठं होता ते सांगायला आता काही खूण उरली नव्हती.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढली. माप चुकलं की आधी जॉब घट्ट धरलाय का ते बघायचं, मग मापाच्या हत्याराकडे वळायचं, ही तिथली सवय. बंदुकीलाही मी तीच लावतो. माझ्याकडे "स्कोप गेला" म्हणून आलेल्या बंदुकांपैकी बहुतेकांचा स्कोप धडधाकट निघाला. म्हणून कळकळीनं सांगतो, दुकानात जायच्या आधी एक दुपार द्या. आणि कारण सापडेपर्यंत क्लिक अजिबात फिरवू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

पहिलं काम कागदावर. शेतातल्या मातीच्या बांधापुढं वाळूची पोती रचा, २० मीटरवर कागद लावा, डोळ्यांना चष्मा घाला. एकाच डब्यातले छर्रे घेऊन, एकाच ठिकाणी नेम धरून दहा फैरी झाडा. मधे काही दुरुस्त करायचं नाही. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीनं नंबर टाका. हे नंबरच खरं बोलतात. भोकं एका बाजूला ओळीनं सरकत गेली असतील तर काहीतरी घसरतंय. दोन वेगळे घोळके पडले असतील तर काहीतरी ढिलं आहे आणि दोन जागी बसतंय. सगळीकडे विखुरली असतील तर आधी छर्रे, नळी आणि तुमची पकड यांच्यावर संशय घ्या. दहाही जवळजवळ पडली, पण सगळीच बाजूला, तर बंदूक ठीक आहे. कुठंतरी धक्का लागून झीरो हललाय, एवढंच.

बंदुकीवर स्कोपशिवाय नेम धरायची साधी माशी असेल तर स्कोप उतरवून तिच्यानं दहा फैरी झाडून बघा. तिच्यानंही भोकं पळत असतील तर स्कोप निर्दोष. दोष बंदुकीत आहे.

आता पाने काढा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून सगळ्यात आधी दस्त्याचे स्क्रू बघा, पुढचे दोन आणि चापाजवळचा. पुतण्याच्या बंदुकीचा पुढचा उजवा स्क्रू पाऊण फेरा फिरला. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, त्यात स्प्रिंगचे हादरे. स्क्रू ढिले पडणारच. फार आवळलंत तर लाकूड चेपतं, म्हणून बसेपर्यंत आणि वर थोडं, एवढंच. मोडून भरायच्या बंदुकीत नळीचा बिजागरीचा बोल्टही बघा. नळी अर्धी उघडून आडवी हलवा. जरा जरी खेळ जाणवला तरी झीरो टिकणार नाही, कारण स्कोप बसतो सिलिंडरवर आणि छर्रा जातो नळीतून.

मग माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर बसवायचा आधार. त्याचे जबडे बंदुकीवरच्या रेलच्या खाचेत धरतात आणि वरच्या रिंगा स्कोपला धरतात. इथं जरा थांबतो, कारण अर्धी दुखणी इथंच असतात. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोन दिशांचा असतो. स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढं धावतो तेव्हा बंदूक मागं येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि बंदूक झटक्यानं पुढं जाते. हा दुसरा झटका फार तीव्र असतो. बंदूक पुढं जाते, स्कोप जागेवर राहू पाहतो, आणि माउंट रेलवरून दर फैरीला केसभर मागं सरकतं. डोळ्याला दिसत नाही. म्हणून बायकोकडून पांढरं नेलपॉलिश मागून घ्या आणि माउंटवरून रेलवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढा. दुसरी रेघ रिंगवरून स्कोपच्या नळीवर. वाळली की वीस फैरी झाडा. पुतण्याच्या बंदुकीवर रिंगची रेघ शाबूत राहिली, पण माउंटची रेघ मधोमध तुटली होती, आणि तिचे दोन तुकडे नखाच्या जाडीएवढे लांब गेले होते. दोष कागदावर न लिहिता धातूवर लिहिलेला दिसला. ते बघून पोरगं गप्पच झालं.

उपाय असा. माउंट उतरवा. रेलची खाच आणि माउंटचे जबडे मेडिकलमधल्या स्पिरिटनं पुसा; बंदुकीला लावलेलं तेल तिथं येऊन बसलेलं असतं. मागच्या माउंटला खाली एक छोटी पिन असते, ती रेलच्या मागच्या भोकात उतरलीच पाहिजे. डोळ्याचं अंतर जमावं म्हणून पुतण्यानं माउंट पुढं ओढलं होतं आणि पिन भोकाबाहेर लटकत होती. पिन भोकात बसवा आणि डोळ्याचं अंतर रिंगांमध्ये स्कोप पुढंमागं करून जमवा. रेलला भोक नसेल तर माउंटच्या मागं अडसराचा ठोकळा लावा. रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, तिरपे एकाआड एक आवळा. टॉर्क पाना असेल तर २ न्यूटन-मीटरच्या आसपास. नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. स्कोपची नळी चेपली की त्याचं आतलं काम अडकतं, मग तो खरंच जातो.

आणखी एक दोष फसवा असतो. मोडून भरायच्या बऱ्याच बंदुकांची नळी जराशी खाली झुकलेली असते. मग भोकं वर आणायला तुम्ही वरचा नॉब फिरवत फिरवत पार टोकाला नेता. स्कोपच्या आतली लेन्सची नळी एका बारीक स्प्रिंगनं नॉबच्या स्क्रूवर दाबलेली असते. नॉब वर गेला की ती स्प्रिंग सैल पडते, आणि प्रत्येक धक्क्याला आतली नळी वेगळ्या जागी बसते. तपासायला नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवा आणि निम्म्या क्लिकांवर आणून ठेवा. त्या जागी भोकं फार खाली पडत असतील तर मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या नळीच्या खाली, कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी ठेवा. तिची जाडी साधारण ०.१ मिमी असते. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर एका पट्टीनं २० मीटरवर छर्रा २० मिमी वर जातो. दोन पट्ट्यांच्या वर जाऊ नका, त्यापेक्षा झुकाव भरून काढणारं माउंट घ्या.

एवढं झाल्यावरच स्कोपची परीक्षा. पाच फैरी, मग २० क्लिक उजवीकडे आणि पाच फैरी, मग २० क्लिक डावीकडे आणि पुन्हा पाच. शेवटचा घोळका पहिल्यावर आला पाहिजे. पाव मिनिटाचा, म्हणजे एका क्लिकला कोनाचं पाव मिनिट सरकणारा स्कोप असेल तर २० मीटरवर एक क्लिक म्हणजे जेमतेम दीड मिमी, तेव्हा २० क्लिकांना घोळका साधारण तीन सेंटीमीटर सरकायला हवा. परत येत नसेल, किंवा स्कोपमधली नेमाची फुली तिरकी फिरली असेल, हलवल्यावर आत खडखड होत असेल, तर स्कोप गेला हे मान्य करा. नवा घेताना एअर रायफलसाठीच बनवलेला घ्या. फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेला स्कोप स्प्रिंगच्या बंदुकीवर आतून सुटतो. शिवाय १०० यार्डांवर जुळवलेला स्कोप २० मीटरवर डोळा जरा हलला तरी नेम हलवतो. पुढच्या भिंगावर अंतर जुळवायची कडी असलेला बघा.

पकडीचं थोडक्यात. स्प्रिंगची बंदूक टेबलावर टेकवून मारली की उसळते आणि भोकं दुसरीकडे जातात. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर ती सैल टेकवा, आणि दर वेळी त्याच जागी.

पुतण्यानं विचारलं, स्वप्निल कुसाळे कसा मारतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांना बंदुकीचं वेड लागलंय, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पुतण्याला सांगितलं, त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही. बारीक भोकातून बघून मारतात.

पिन बसवली, स्क्रू आवळले, मागं एक पट्टी घातली, नॉब मधे आणला. नवी नेलपॉलिशची रेघ ओढली. संध्याकाळी २० मीटरवर दहा भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली. नाणं मधापासून जरा उजवीकडे होतं, तेव्हा कुठं झीरोसाठी क्लिक फिरवले: सहा, डावीकडे. दोन्ही टोप्या घट्ट लावून बंदूक त्याच्याकडे दिली आणि आठ दिवस पाना लावायचा नाही असं बजावलं. पुढच्या रविवारी त्यानं बांधावरून दोन फोटो पाठवले. एक कागदाचा, एक रेघेचा. रेघ अखंड होती.