घरच्या गेम कॉन्सोलला स्विच आणि आवाजाचा नॉब बसवण्याआधी

सोल्डरिंग आयर्न अजून थंड आहे ना? मग आधी मेमरी कार्ड बाहेर काढा आणि त्याची पूर्ण प्रत संगणकावर करून ठेवा. बाकीची तयारी नंतर. हे वाक्य खाली अजून चार-पाच वेळा येईल, वैताग आला तरी वाचा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर (पुढे नुसता ‘पाय’) जुने खेळ चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर टाकून केलेला डबा चालायला लागला की आठवडाभरात दोन गोष्टी टोचायला लागतात. बंद करायला वायर उपटावी लागते, आणि आवाज कमी करायला खेळ सोडून मेन्यूत शिरावं लागतं. मीही एका संध्याकाळी स्विच आणि नॉब बसवायला घेतले. पाच व्होल्टच्या तारेत एक सरकता स्विच टाकला, लावून बघितला, बंद करून बघितला, परत लावला. टकटक आवाज इतका छान येत होता की मी उगाचच दहा-बारा वेळा तो खेळ केला. त्यानंतर पडद्यावर काळोख आणि वरच्या कोपऱ्यात नुसता कर्सर. कार्डावरची फाइल सिस्टिम गेली होती. भाच्याने सुट्टीभर खेळून साठवलेली प्रगती त्याच कार्डावर होती आणि प्रत कुठेच नव्हती. त्याला ते सांगतानाचा प्रसंग इथे लिहीत नाही.

तर प्रत. नुसत्या सेव्ह फाइल्स पेनड्राइव्हवर ओढल्या म्हणजे प्रत झाली असं समजू नका. बटणांची जुळवणी, खेळांची यादी, आवाजाच्या सेटिंग हे सगळं कार्डात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं असतं. अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या. मग ती इमेज दुसऱ्या कार्डावर लिहा आणि त्या कार्डावरून कॉन्सोल खरंच सुरू होतो का ते बघा. सुरू करून न बघितलेली प्रत धरू नका. इथे एक गंमत होते: दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं अगदी सारख्या मापाची नसतात, काही एमबी इकडेतिकडे असतात, आणि मोठ्या कार्डाची इमेज लहान कार्डावर मावत नाही. दुसरं कार्ड थोडं मोठंच घ्या. पुढची सगळी चाचणी या दुसऱ्या कार्डावर करायची. मूळ कार्ड डबीत घालून खणात.

बॅटरी सोडवा. सोल्डर करताना लिथियम बॅटरी जोडलेली नको, यावर चर्चा नको.

आता स्विच. जुन्या कॉन्सोलचा स्विच सरळ वीज तोडायचा आणि काही बिघडायचं नाही, कारण खेळ कार्ट्रिजमधल्या रॉमवर असायचा आणि ती लिहिलीच जात नसे. १९८९च्या गेम बॉयमध्ये तर स्विच सरकवला की एक खीळ कार्ट्रिजच्या खाचेत जाऊन बसायची. चालू असताना कार्ट्रिज ओढून काढताच येत नसे. पण त्या काळातही जिथे काही लिहिलं जायचं तिथे पथ्य होतंच. निन्टेंडोच्या एनईएसवर बॅटरीवाल्या काही खेळांत सूचना असायची: रिसेट दाबून धरा आणि मगच पॉवर बंद करा. आपला डबा दिसतो गेम बॉयसारखा, पण आत लिनक्स चालतंय आणि ते कार्डावर कधीही काहीही लिहीत असतं. लिहिता लिहिता वीज गेली की काय होतं ते वर सांगितलं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा: ‘बंद हो’ असं सांगणं आणि वीज तोडणं. सांगायला दाबून सोडायचं साधं बटण लागतं. दाबल्यावर दाबलेलंच राहणारं नको. मी चुकून तसलंच आणलं होतं. ते भौतिक क्रमांक ५ आणि ६ या पिनांमध्ये जोडायचं, म्हणजे जीपीआयओ ३ (पायची बाहेरच्या जोडणीसाठीची एक पिन) आणि ग्राउंड. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन नावाचा ओव्हरले (तयार जोड-सेटिंग) एका ओळीत टाकला की बटण दाबल्यावर यंत्र नीट आवरून बंद होतं. हीच पिन घ्यायचं कारण असं की बंद झालेला पाय ही पिन ग्राउंडला टेकली की जागा होतो, त्यामुळे एकाच बटणात दोन्ही कामं. अडचण एकच: ही पिन आय-टू-सीची (छोटे बोर्ड पायशी बोलतात त्या दोन तारांची) घड्याळवाली पिनही आहे. त्या तारांवर तुमचा बॅटरी मोजणारा किंवा बटणांचा बोर्ड असेल तर दोघांचं भांडण होणार. मग शटडाउनला दुसरी पिन द्या आणि जागं करण्याची सोय सोडून द्या. आणि कुठल्याही पिनेला पाच व्होल्ट लावू नका, ३.३ च्या वर त्या सोसत नाहीत.

बंद झालेला पाय थोडी वीज पीतच राहतो. बॅटरीवर असाल तर वीज तोडणारा खरा स्विचही हवाच. तो कधी सरकवायचा हे कळायला दिवा लागतो, कारण बोर्डावरचा हिरवा दिवा डब्यात दडून जातो. कॉन्फिगमध्ये यूआर्ट (पायचा सिरीयल पोर्ट) चालू करा आणि आठव्या पिनेवरून ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून एक एलईडी ग्राउंडला जोडा. यंत्र जागं असेपर्यंत तो पेटलेला राहतो, मधूनच लुकलुकतो, आणि सगळं आवरलं की विझतो. विझल्यावर स्विच. विझायच्या आधी नाही. घरातल्या प्रत्येक खेळणाऱ्याला हे सांगा, मग कोणीतरी ते विसरणार हे गृहीत धरा आणि कार्डाची प्रत ठेवा. केली का अजून?

रेट्रोपायमध्ये खेळ चालवणारा रेट्रोआर्क हा प्रोग्राम खेळातली साठवण मुख्यतः खेळातून बाहेर पडताना कार्डावर लिहितो. म्हणजे खेळात ‘सेव्ह’ केलं आणि तिथूनच वीज तोडली तर कार्ड वाचेल कदाचित, पण सेव्ह जाईल. एसरॅम (म्हणजे खेळातली ही साठवण) ठरावीक वेळाने आपोआप साठवण्याचा पर्याय सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये आहे, तो चालू आहे का बघा, मिनिटाभराचं अंतर पुरे.

मुख्य तारेतला स्विच किती अँपिअरचा आहे ते वाचा. ते इवलेसे सरकते स्विच बऱ्याचदा ०.३ अँपिअरचे असतात आणि पाय ३ साठी शिफारस आहे २.५ अँपिअरच्या सप्लायची. लगेच जळत नाही, म्हणूनच फसायला होतं. आधी त्याच्या आतल्या पट्ट्यांवर व्होल्टेज पडायला लागतं, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते (४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ती दिसते), खेळ अडखळतो आणि आपण इम्युलेटरला (जुन्या कॉन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) शिव्या घालतो. तारही जाड घ्या, केसासारखी नको. खेळ चालू असताना दुसऱ्या आणि सहाव्या पिनेवर मल्टीमीटर लावून मोजा. रिकाम्या मेन्यूवर मोजून खूश होऊ नका. बूस्टर बोर्डाला (बॅटरीचं व्होल्टेज पाचपर्यंत वाढवणाऱ्या) ‘इनेबल’ पिन असेल तर लहान स्विच तिथे चालतो, कारण तिथून मोठा प्रवाह जातच नाही. मला हे माहीत असतं तर जाड स्विचसाठी डबा कापत बसलो नसतो. पण तिथूनही वीज तितकीच अचानक तुटते. कमी व्होल्टेजनेही यंत्र मधेच पुन्हा सुरू होतं, आणि तेव्हाही कार्ड धोक्यात. प्रत!

आवाज. आधी बोर्ड कुठला ते बघा. पाय ३ आणि ४ ला हेडफोनचं भोक आहे. झीरो आणि पाय ५ ला नाही. झीरोवर आवाज पिनांवर वळवून फिल्टर लावावा लागतो किंवा आय-टू-एस (डिजिटल आवाज घेणारा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. हा दुसरा प्रकार घेतलात तर नॉबचा नाद सोडा: आत जाणारा सिग्नल डिजिटल असतो, त्याच्या तारेत पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) टाकून आवाज कमी होत नाही, नुसता बिघडतो. तिथे दोन बटणं लावून सॉफ्टवेअरने आवाज कमीजास्त करा.

अ‍ॅनालॉग असेल तर पॉट अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये टाकलात तर पॉट तापेल आणि आवाजही धड येणार नाही. एका टोकाला सिग्नल, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, मधली पिन अ‍ॅम्प्लिफायरला. टोकं उलटी झाली तर नॉब उलटा चालतो, एवढंच, अदलाबदल करा. दहा किलोओहम ठीक. अक्षर मात्र बघा: ए म्हणजे लॉग (कानाला आवाज सारखा वाढत गेल्यासारखा वाटतो), बी म्हणजे सरळ रेषेतला. बी लावलात तर सुरुवातीच्या थोड्याशा फिरवण्यातच सगळा आवाज येऊन जातो आणि उरलेला नॉब शोभेला. स्टिरिओ हवं तर सहा पिनांचा दुहेरी पॉट.

पीएएम८४०३ हा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बहुतेक जण घेतात, मीही घेतला. त्याच्या स्पीकरची ऋण तार ग्राउंडला जोडायची नाही, दोन स्पीकरच्या ऋण तारा एकमेकींनाही नाही. दोन्ही टोकं चिप स्वतः हलवत असते. याच कारणाने त्याच्या आउटपुटवर हेडफोनचा जॅक लावता येत नाही, कारण जॅकमध्ये दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकच असतं. हेडफोनची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच काढा.

या बोर्डावर टक् करून बंद होणारा पॉट लावलेला मिळतो आणि तो बघून डोक्यात येतं की वा, एकाच नॉबमध्ये आवाजही आणि पॉवरही! नको. त्या टकचा उपयोग फक्त अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला करा. आवाज कमी करता करता बोट जरा जास्त फिरलं आणि पायची वीज गेली, की पुन्हा तोच काळा पडदा, तोच कर्सर. कार्डाची प्रत असेल तर दहा मिनिटांचा त्रास, नसेल तर माझ्यासारखं.

घूं असा आवाज येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचं ग्राउंड पायवरून न घेता थेट सप्लायवरून घ्या. माझा निम्मा गेला, उरलेला पडद्याचा होता.

डबा. भोक पाडण्याआधी पॉटची खोली मोजा, रुंदी कोणीही मोजतं. पॉटच्या तोंडाशी एक छोटी जीभ असते, नॉबबरोबर अख्खा पॉट फिरू नये म्हणून. तिला वेगळं भोक किंवा मग कापून टाका. स्विच पृष्ठभागाच्या थोडा आत बसवा, नाहीतर पिशवीत आपोआप सरकतो. तारा झाकण उघडता येईल इतक्या लांब. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) आधी तारेत ओवा, मग सोल्डर. दर वेळी विसरतो.

जोडणी झाली की मल्टीमीटरवर कंटिन्युइटीचा (तार जोडलेली असल्याचा) बीप, पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते, मग बॅटरी, मग दुसरं कार्ड. मूळ कार्ड अजून खणातच. दोन-तीन दिवस खेळा, वीस वेळा बंद-चालू करा, बटणाने. मग मूळ कार्ड.

आणि झाकणाला कार्डासमोर एक खाच कापा, कार्ड बाहेरून काढता येईल अशी. माझ्या डब्यात कार्ड आत होतं, काढायला आठ स्क्रू. म्हणून तर प्रत उद्या करू म्हटलं होतं.