आंबवणीच्या भांड्यासाठी स्वस्तातला हीटर

गारठ्यात घरची बिअर आंबायला ठेवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एअरलॉकची (भांड्यातला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी झडप) बुडबुड थांबते. यीस्ट मेलेलं नसतं, गारठून तळाशी बसलेलं असतं. एल जातीच्या (उबेत आंबणाऱ्या) बिअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. (लागर, म्हणजे गारव्यात आंबणारी बिअर, करणाऱ्यांनी इथेच थांबावं. ते यीस्ट ८ ते १३ अंशांत खूश असतं, त्याला हीटर कशाला?)

उपाय साधा आहे: भांडं तापवू नका, भांड्याभोवतीचं पाणी तापवा. भांड्याखाली तापणारी गादी ठेवली तर नेमकं यीस्ट बसतं तो तळच जास्त तापतो. बंद खोक्यात बल्ब लावला तर आगीची धास्ती असते, शिवाय उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) द्रव्यं बिघडून बिअरला उग्र वास येतो. पाण्यात मात्र ऊब चहूबाजूंनी सारखी लागते.

भांडं आत बसून चार बोटं जागा उरेल असा प्लास्टिकचा टब, मत्स्यटाकीत वापरतात तो थर्मोस्टॅटवाला १०० वॉटचा हीटर, एक थर्मामीटर आणि जुनी चादर, एवढं पुरतं. पाणी तापवायचा रॉड चालेल का, असा मोह होतो. अजिबात नको. तो हजार वॉटच्या पुढचा असतो आणि बहुधा त्याला थर्मोस्टॅट नसतो.

टब आधी कायमच्या जागी ठेवा, भरल्यावर हलत नाही. भांडं आत ठेवून पाणी ओता, पण पातळी आतल्या वॉर्टपेक्षा (आंबायला ठेवलेल्या धान्याच्या गोड रसापेक्षा) दोन-तीन बोटं खालीच राहू द्या. पाणी त्याहून वर गेलं तर भांडं तरंगून कलंडू शकतं. भांड्याची तोटी पाण्यात बुडत असेल तर ती गळत नाही ना, हे आधीच तपासा. हीटर चोषकांनी टबाच्या आतल्या बाजूला खालच्या अंगाला चिकटवा, म्हणजे तापलेलं पाणी वर चढून आपोआप फिरतं. तो भांड्याला टेकू देऊ नका आणि त्यावरची किमान पाण्याची खूण बुडालेली असू द्या.

वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळापाशीच ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हा उद्योग करूच नका.

पहिल्याच फेरीत वॉर्ट ओतू नका. भांड्यात साधं पाणी भरून दिवसभर चालवून बघा, कारण हीटरच्या चकतीवरचे आकडे बऱ्याचदा चुकीचे असतात. खरं माना ते थर्मामीटरचं. तापमान चढायला वेळ लागतो: टब आणि भांडं मिळून ४० लिटर धरलं तर १०० वॉटला एक अंश वाढवायला जवळपास अर्धा तास लागतो, बाहेर जाणारी उष्णता वेगळीच. पण हा संथपणाच कामाचा आहे. एवढं पाणी रात्रीतून एकदम गारही पडत नाही. वरून चादर गुंडाळली की हीटर कमी वेळ चालतो. फक्त ती पाण्यात लोंबू देऊ नका.

आता खरी मेख. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला द्रव टबातल्या पाण्यापेक्षा एखाद-दोन अंश गरम राहतो. म्हणून २० हवे असतील तर सुरुवातीला हीटर १८ वर ठेवा आणि बुडबुड मंदावली की २० वर न्या. उलटं केलंत तर फ्युझेल अल्कोहोल (यीस्ट जास्त तापलं की बनवतं ती जड अल्कोहोलं) वाढून बिअर जळजळीत लागते.

टबातलं पाणी उडून कमी होतं, ते एक दिवसाआड बघा. पाण्यात हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढायचाच. शेवटी हीटर बाहेर काढतानाही प्लग काढून पंधरा मिनिटं तो पाण्यातच निवू द्या. गरम काच एकदम हवेत आली की तडकते.