होर्सा ग्लायडरच्या देखाव्याचा वाकलेला पाया

6 जून 1944 च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या कां (Caen) शहराच्या कालव्यावरच्या पुलाजवळ ब्रिटिश होर्सा ग्लायडर, म्हणजे सैनिकांना नेणारी बिनइंजिनाची विमानं, उतरले, तो क्षण मला 1/72 प्रमाणात उभा करायचा होता. खऱ्या होर्साचे पंख टोकापासून टोकापर्यंत 88 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे 37 सेंमी. पहिलं ग्लायडर पुलापासून पन्नासेक मीटरवर थांबलं होतं. या प्रमाणात ते अंतर साठ-सत्तर सेंमी होतं. म्हणून पूल सोडला, फक्त शेत घेतलं.

6 मिमीच्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) प्लास्टर चढवलं आणि वाळताना कोपरे वर उचलले गेले. प्लास्टरचं पाणी वरच्या बाजूने मुरतं, खालची बाजू कोरडीच राहते, त्यामुळे फळी वाकते. उपाय असा केला: फळी उलटी करून तिच्या खालच्या बाजूवर दोन सागाच्या पट्ट्या आडव्या ठेवल्या, क्लॅम्पने दाबून मधून कडेकडे स्क्रू मारले. फळी सरळ झाली. भेगा पातळ प्लास्टरने भरल्या. नव्या पायासाठी आता मी आधी दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश लावतो, मगच प्लास्टर, तेही पातळ थरांत.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची वाटते. ग्लायडर मातीवर नुसतं ठेवलेलं दिसत होतं. होर्सा लाकडी होतं, पण माणसांसह त्याचं वजन काही टन. ओल्या गवतात ते रुतणारच. मॉडेलचं पोट पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओल्या प्लास्टरवर हलकेच दाबलं, मागे ओढत नेल्यासारखा चर काढला आणि तिथेच गवत न लावता गडद तपकिरी रंग दिला. नाकाचा चुरा मात्र करायलाच हवा, कारण पहिल्या ग्लायडरच्या धडकेत वैमानिक जिम वॉलवर्क काच फोडून बाहेर फेकले गेले होते.