ड्रम काढून डिस्क बसवल्या आणि पुढची चाकं जाम होऊ लागली: माझा अनुभव

जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे मूळचे ड्रम असा बदल केला; मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) जुनाच ठेवला. लांब उतारावर ड्रम तापून ब्रेक लागेनासे व्हायचे, म्हणून. पण आठ-दहा किलोमीटरनंतर पुढची चाकं ओढायला लागायची, रिमला हात लावता येत नसे. गाडी थंड झाली की सगळं ठीक.

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खोलून नवे सील टाकले, रबरी होज बदलले, तीनदा लाइनीतली एअर काढली. दोन महिने वाया गेले.

शेवटी चाक जाम असतानाच तपासलं. आधी पेडलच्या रॉडला एखादा मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) आहे ना, ते पाहिलं, होता. मग मास्टर सिलिंडरवरचा पुढच्या लाइनचा नट किंचित सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! (नट सोडून चाक सुटलं नसतं आणि कॅलिपरचा एअर काढायचा निपल सोडल्यावर सुटलं असतं, तर दोष होजचा.)

ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा. ड्रमचे लायनर स्प्रिंगने मागे खेचले जातात, त्यामुळे तिथे तो चालतो. डिस्कला तशी स्प्रिंग नाही. पॅड घासतच राहतात.

मास्टर सिलिंडरवरून पुढच्या लाइनचा पाइप काढला, पोर्टमधल्या पितळी सीटमध्ये स्क्रू फिरवून ती ओढली, खालचा रबरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढली, नवी सीट बसवली. मागच्या ड्रमच्या पोर्टला हात लावला नाही. ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल भरून एअर काढली. आता चाक हाताने फिरतं.