बीबीसी मायक्रो चालू करण्यापूर्वी

जुना बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक हाती आला की लगेच प्लग लावून तो चालू करून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी १९८१ साली आणलेले हे यंत्र भक्कम आहे. मुख्य बोर्ड बहुधा शाबूत असतो, दगा देतो तो वीजपुरवठ्यातील एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग.

मुख्य विजेच्या दोन तारांमध्ये जोडलेल्या या कपॅसिटरच्या पिवळसर, पारदर्शक आवरणाला वर्षानुवर्षांत केसाएवढ्या बारीक भेगा पडतात, त्यांतून हवेतील ओलावा आतल्या कागदात मुरतो आणि वीज मिळताच थोड्याच वेळात तो फुटून उग्र वासाचा धूर सोडतो. म्हणून प्लग काढलेला असतानाच ‘फिक्स’ अशी खूण असलेले चार स्क्रू सोडवून झाकण उचलावे व तळाचे तीन स्क्रू काढून वीजपुरवठ्याची पेटी बाहेर घ्यावी. आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो. मल्टिमीटरने तो उतरल्याची खात्री झाल्याखेरीज हात लावू नये आणि या कामाची सवय नसल्यास ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. जुन्याच्या जागी त्याच मूल्याचा, ‘एक्स२’ वर्गाचाच, म्हणजे थेट मुख्य विजेच्या तारांमध्ये जोडण्यासाठी बनवलेला कपॅसिटर बसवावा.

त्यानंतर यंत्र चालू केल्यावर आधी खालच्या आणि लगेच वरच्या पट्टीतला स्वर ऐकू आला, तर यंत्र सुस्थितीत आहे असे समजावे. खालचा स्वरच अखंड वाजत राहिला, तर यंत्र बंद करून सॉकेटमधील रॉम चिप (यंत्राची कायमस्वरूपी प्रणाली साठवणाऱ्या चिप) हलक्या हाताने काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. पुष्कळदा दोष केवळ चिपच्या काळवंडलेल्या धातूच्या पायांचा असतो.

यंत्रापेक्षाही नाशवंत आहे तो डिस्क व कॅसेटवरील मजकूर, आणि माझ्या मते खरी घाई तिथेच करायला हवी. सव्वापाच इंची डिस्कच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे चुकूनही काही लिहिले जाणार नाही, आणि फायलींची नक्कल करण्याऐवजी चुंबकीय संकेतांचीच संपूर्ण प्रत घ्यावी, कारण नक्कल-प्रतिबंध असलेल्या डिस्क साध्या पद्धतीने पूर्ण उतरत नाहीत. कॅसेटचा आवाज संक्षेप न करता वेव्ह फायलीत साठवावा. एमपी३ मध्ये संकेत विकृत होण्याचा धोका असतो. लेबलांवरील हस्ताक्षराची छायाचित्रेही त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत.

सोबत दुसऱ्या प्रोसेसरची, म्हणजे यंत्राला बाहेरून जोडायच्या जादा प्रोसेसरची पेटी मिळाली असेल, तर ती सुटी करून देऊन टाकू नये. ती ज्या ‘ट्यूब’ जोडणीने यंत्राला लागते, तिच्याच आधारे एकॉर्नचे अभियंते सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली पहिली एआरएम चिप (आजच्या मोबाइल फोनमधील प्रोसेसरची पूर्वज) २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. म्हणून पेटी, तिची केबल आणि तिच्या डिस्क एकत्रच जपाव्यात.